उन्हाळ्यात टाकी फुल केली तर गाडी फुटते?

एप्रिल उजाडला की तोच मेसेज फिरू लागतो: ‘इंडियन ऑइलचा इशारा, टाकी फुल करू नका, स्फोट होईल, दिवसातून एकदा झाकण उघडून गॅस बाहेर सोडा.’ असा इशारा कंपनीने दिलेलाच नाही. उलट, गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल बारा महिने भरा, असा खुलासा तिने केला आहे.

पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटायला साधारण 250 अंशांपुढे तापमान लागतं. आपला विदर्भ तापून तापून 47-48 पर्यंत जातो! उष्णतेने ते फुगतं हे खरं, पण किती? 10 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापलं तर जेमतेम 200 मिली. तेवढी जागा टाकीत मुद्दाम सोडलेली असते. म्हणून नोझल ‘टक्’ करून थांबलं की थांबावं. गळ्यापर्यंत भरण्याचा हट्ट नको.

खरा धोका आहे तो झाकण उघडण्याच्या सल्ल्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि हवेत दीड ते साडेसात टक्के मिसळली की एक ठिणगी पुरते. बंद टाकीत ती इतकी दाट असते की पेटायला पुरेसा ऑक्सिजनच मिळत नाही.