उपदेश की समुपदेशन?

आमच्या शाळेत 'विद्यार्थी समुपदेशन नोंदवही' आहे. पानं चाळली तर जवळजवळ प्रत्येक नोंद सारखीच: 'विद्यार्थ्यास बोलावून समज दिली.' आता समज देणं म्हणजे उपदेश झाला, समुपदेशन नव्हे. पण दोन्ही शब्दांत 'उपदेश' दडलेला असल्यामुळे घोटाळा होतो. मीही तो बरीच वर्षं केला.

आमचं गाव अमळनेर-पारोळ्याकडचं, कापसाचं. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की नववी-दहावीची बाकं ओस पडतात. त्याच दिवसांत एक मुलगा मात्र हजर असूनही नसल्यासारखा वागायला लागला. डबा उघडायचा नाही, वहीत तारीख टाकायची आणि खाली पान कोरं. मी त्याला स्टाफरूममध्ये उभं केलं आणि वीस मिनिटं बोललो. बाप उन्हात राबतो, दहावी तोंडावर आलीये, साने गुरुजी याच अमळनेरात मास्तर होते, वगैरे वगैरे. तो 'हो सर, हो सर' करत राहिला. नोंद झाली, सही झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगा यायचाच बंद झाला.

उपदेश करणाऱ्याच्या खिशात उत्तर आधीच असतं, फक्त ते समोरच्याच्या गळी उतरवायचं बाकी असतं. समुपदेशनात मुळात प्रश्न कोणता हेच ठाऊक नसतं. तो पोरानंच शोधायचा, आपण शेजारी बसायचं. म्हणून पहिल्यात बोलणारे आपण आणि दुसऱ्यात तो. कोण किती बोललं एवढं मोजलं तरी आपण काय केलं ते कळतं.

आठवड्यानं तो परत आला. या वेळी मैदानाच्या कडेला निंबाखाली बसलो आणि अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?" बराच वेळ काहीच नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मला चारदा बोलावंसं वाटलं, जीभ दाबून धरली. मग तो म्हणाला, "माले रातले जपच लागत नही, सर." जप म्हणजे झोप. प्रमाण मराठीत विचारलं असतं तर 'काही नाही सर' एवढंच मिळालं असतं, असं मला अजूनही वाटतं. पुढे त्यानं घरातलं जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे.

उपदेश चारचौघांत चालतो, समुपदेशनात मात्र बोलणं दोघांतच राहायला हवं. तरीही 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नये. पोराच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येत नाही, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. हे बोलण्याआधीच सांगितलेलं बरं.

उपदेश टाकाऊ आहे असं मात्र नाही. ट्रिपल सीट मोटारसायकल हाणणाऱ्या पोराला खरमरीत समजच हवी, त्याच्या मनाचा तळ शोधत बसू नये. फक्त वर्गासमोर पाणउतारा करणं त्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारासोबत मानसिक छळालाही २००९ सालीच मनाई केली आहे.

आणि नीट ऐकून घेतलं म्हणून मास्तर समुपदेशक होत नाही. ते शिकून करायचं काम आहे; शिवाय मार्क देणारा हात आमचाच, त्यामुळे पोर आमच्यापुढे किती मोकळं होणार? आमचं काम आधीचं: बदल हेरणं, ऐकणं, योग्य माणसापर्यंत पोचवणं. झोप, भूक, खेळणं-बोलणं यांत दोन आठवड्यांहून जास्त फरक टिकला तर आई-बापांना विश्वासात घेऊन जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठावा. मरणाची भाषा निघाली तर दोन आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी हलावं, पोराला एकटं सोडू नये. १४४१६ ही टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मोफत, रात्रंदिवस, आणि मराठीतही बोलता येतं. आम्ही तो नंबर पाण्याच्या टाकीजवळ रंगवून घेतला, ऑफिसच्या दारावर नाही. दारापाशी वाचत उभं राहिलं तर सगळे बघतात.

निंबाखाली बसलो त्या दिवशीची नोंद करताना मी 'समज दिली' खोडून 'ऐकून घेतले' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून विचारलं, "सर, मग कार्यवाहीच्या रकान्यात काय टाकायचं?"