ते हेलिकॉप्टर पडलं नसतं

अणुबॉम्बच्या चोरीवरचा मारधाडपट पाहून आलेल्या माणसाला ‘कसा होता?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: मारामारी झकास, पण डोकं घरी ठेवून जा. जॉन वू यांचा १९९६ सालचा ‘ब्रोकन अ‍ॅरो’ घ्या. अमेरिकी हवाई दलाचा एक वैमानिक (जॉन ट्रॅव्होल्टा) दोन बी-८३ बॉम्ब घेऊन रात्रीच्या सरावाला निघतो, सहवैमानिकाला (ख्रिश्चन स्लेटर) विमानाबाहेर फेकतो आणि बॉम्ब यूटाच्या वाळवंटात उतरवून खंडणी मागतो. सहवैमानिक वाचतो, मागे लागतो. मधेच एक बॉम्ब तांब्याच्या बंद खाणीत फुटतो, जमीन लाटेसारखी उठत येते आणि जवळचं हेलिकॉप्टर विद्युतचुंबकीय स्पंदाने, म्हणजे ईएमपीने, बंद पडून कोसळतं.

यावर प्रेक्षक कशाला हसतात? ‘अणुबॉम्ब असे हरवतात का कधी?’ ‘जमीन अशी उठते का कुठे?’ हेलिकॉप्टरच्या प्रसंगावर मात्र कुणीतरी जाणकार मान डोलावतो, ‘हे बरोबर दाखवलंय हं, ईएमपी असतो खरा.’ आकडे आणि किल्ल्यांनी बॉम्ब जिवंत करण्याच्या प्रसंगालाही फारशी हरकत नसते. माझं मत नेमकं उलटं आहे. हसण्यावारी नेलेल्या गोष्टी बऱ्याचशा खऱ्या आहेत, आणि विश्वास बसलेल्या गोष्टींतच विज्ञान गडगडलेलं आहे.

जमिनीपासून सुरुवात करू. ६ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेने अलास्कातल्या अ‍ॅमचिट्का बेटावर सुमारे १,८०० मीटर खोल खड्ड्यात जवळजवळ ५ मेगाटनचा स्फोट घडवला (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी या स्फोटकाची ताकद, म्हणजेच हजार किलोटन). ‘कॅनिकिन’ हे त्या चाचणीचं नाव. स्फोटाच्या वरची जमीन साधारण ६ मीटर उचलली गेली, म्हणजे दुमजली घराएवढी. सिनेमातली लाट जरा सजवलेली असेल, पण जमीन उठते यात काही खोटं नाही. खोटं आहे ते खाणीबद्दल. भूमिगत स्फोट जमिनीतच कोंडून राहावा म्हणून किती खोल जायचं, याचा एक ढोबळ हिशेब चाचण्या घेणारे वापरत: स्फोटाची ताकद किलोटनमध्ये घ्यायची, तिचं घनमूळ काढायचं आणि त्याला १२० मीटरने गुणायचं. बी-८३ची कमाल ताकद १.२ मेगाटन आहे. पूर्ण ताकदीचा स्फोट कोंडायचा तर सव्वा किलोमीटरहून जास्त खोली लागेल, आणि वरचं तोंडही पक्कं बुजवावं लागेल. उघड्या बोगद्यांच्या खाणीतून किरणोत्सारी धूळ बाहेर आली असती आणि नायक-नायिकेला पुढच्या रीळभर धावपळीला सवड उरली नसती.

आता ते हेलिकॉप्टर. ईएमपीचा सगळ्यात गाजलेला अनुभव जुलै १९६२चा. प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर, ४०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेने १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला, ‘स्टारफिश प्राइम’. तिथून सुमारे १,४५० किलोमीटर दूर असलेल्या होनोलुलूत शे-तीनशे रस्त्यावरचे दिवे गेले. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्फोटातून निघालेले गॅमा किरण खाली येऊन वातावरणाच्या विरळ थरात शिरतात, हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात, आणि हे वेगवान इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात. वळता वळता ते सगळे एकदम रेडिओलहरींचा जबरदस्त तडाखा देतात. म्हणजे या खेळाला तीन गोष्टी लागतात: गॅमा किरणांना मोकळी वाट, विरळ हवा आणि चुंबकीय क्षेत्र. खाणीत स्फोट झाला तर पहिलीच गोष्ट नाहीशी होते. गॅमा किरण काही मीटर खडकातच जिरून जातात. थोडाफार स्पंद तिथेही तयार होतो, पण तो चाचणीची उपकरणं टिपू शकतील इतपत; हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पाडण्याइतका नव्हे.

आपल्याकडच्या १९७४च्या पोखरण चाचणीत एक गाडी खरोखर बंद पडली होती. १८ मेच्या सकाळी शेवटची तपासणी करून परतणाऱ्या एका शास्त्रज्ञाची जीप सुरूच होईना, आणि ८ वाजता ठरलेला स्फोट ५ मिनिटं पुढे ढकलावा लागला. पण ती जीप स्फोटाच्या आधी बंद पडली होती! १०७ मीटर खोल झालेल्या स्फोटानंतर तसल्या काही तक्रारीची नोंद नाही.

‘असे बॉम्ब हरवतात का कधी?’ या प्रश्नाचं उत्तर प्रेक्षकांना सिनेमापेक्षा जास्त धक्का देईल. ‘ब्रोकन अ‍ॅरो’ हा अमेरिकी सैन्याचा खरा सांकेतिक शब्द आहे, अण्वस्त्राच्या गंभीर अपघातासाठी. (चोरीसाठी वेगळा आहे, ‘एम्प्टी क्विव्हर’. म्हणजे सिनेमाचं नाव काटेकोरपणे पाहिलं तर चुकलंच.) १९५० ते १९८० या काळात असे ३२ अपघात झाल्याचं खुद्द अमेरिकी सरकार मानतं. फेब्रुवारी १९५८मध्ये जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर टायबी बेटाजवळ हवेत टक्कर झालेल्या एका बी-४७ विमानाने सुमारे ३,४०० किलोंचा बॉम्ब पाण्यात सोडून दिला. तो आजही सापडलेला नाही. डिसेंबर १९६५मध्ये ‘टिकॉन्डरोगा’ या विमानवाहू जहाजावरून एक स्कायहॉक विमान घरंगळत समुद्रात गेलं, वैमानिकासकट, बॉम्बसकट. तिथे समुद्र जवळपास ५ किलोमीटर खोल.

हिमालयही यातून सुटलेला नाही. चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर कान ठेवण्यासाठी १९६५मध्ये सीआयए आणि भारतीय गुप्तचर खात्याने नंदादेवीवर एक यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज पुरवणार होतं प्लुटोनियम-२३८वर चालणारं जनित्र. वादळामुळे गिर्यारोहकांनी ते वरच्या तळावर बांधून ठेवलं. पुढच्या वर्षी गेले तर जागा रिकामी. १९७८मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंना याबद्दल संसदेत निवेदन करावं लागलं. तो बॉम्ब नव्हता आणि फुटण्याचा प्रश्नच नाही, पण हरवलेली अण्वस्तू फक्त परदेशी पटकथेत असते असं समजू नये.

या सगळ्यात मला सर्वात विचार करायला लावणारा अपघात स्पेनमधला वाटतो. १७ जानेवारी १९६६ रोजी पालोमारेस या टोमॅटो पिकवणाऱ्या गावावर, सुमारे ९,४०० मीटर उंचीवर, एक बी-५२ विमान हवेतच इंधन घेताना टँकर विमानाला धडकलं. सातजण मेले. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले; तीन जमिनीवर, एक समुद्रात. जमिनीवर पडलेल्यांपैकी दोन बॉम्बमधली साधी स्फोटकं आपटल्याबरोबर उडाली. म्हणजे दोन हायड्रोजन बॉम्ब वस्तीशेजारी ‘फुटले’, आणि तरी अणुस्फोट झाला नाही.

कारण अणुबॉम्ब फुटणं आणि त्यातली स्फोटकं फुटणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आतल्या प्लुटोनियमभोवती स्फोटकांचं कवच असतं. ते सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतक्या अचूकपणे, पेटलं तरच प्लुटोनियम हवं तितकं दाबलं जातं आणि साखळी अभिक्रिया धावते. एकाच ठिकाणी ठिणगी पडली तर मोदक एका बाजूने दाबल्यावर सारणाचं होतं तेच होतं: दुसऱ्या बाजूने बाहेर. आधुनिक अमेरिकी बॉम्बना तर अशी अटच घातलेली आहे, की स्फोटकं कुठल्याही एका बिंदूवर पेटली तर २ किलोपेक्षाही कमी टीएनटीइतकी अणुऊर्जा निघावी, आणि ती मर्यादा ओलांडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी असावी. बी-८३मध्ये वापरलेलं टीएटीबी हे स्फोटक इतकं मंद आहे, की आपटून, जाळून किंवा गोळी मारूनही ते सहसा उडत नाही. तेव्हा बॉम्बशेजारी गोळीबार सुरू झाला की पडद्यावर सगळे जे श्वास रोखून धरतात, ते नाटक फुकटचं.

पालोमारेसला झालं ते वेगळंच: प्लुटोनियमची धूळ सुमारे २ चौरस किलोमीटरवर पसरली. तिचे अल्फा किरण कातडीलाही भेदू शकत नाहीत, पण धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर धोका आहे. अमेरिकेने तिथली सुमारे १,४०० टन माती आणि झाडपाला पिंपांत भरून दक्षिण कॅरोलिनात नेला. समुद्रातला चौथा बॉम्ब ८० दिवसांनी, ८७० मीटर खोलीवरून निघाला. शोध घेणाऱ्यांनी संभाव्यतेचं गणित मांडून समुद्राचे चौकोन पाडले होते, पण बॉम्ब पडताना पाहिलेल्या एका स्थानिक मच्छीमाराने दाखवलेली जागा शेवटी उपयोगी पडली. अशी पटकथा कुणी लिहिली असती तर प्रेक्षक म्हणाले असते, काहीही!

गोल्ड्सबोरोची गोष्ट याहून अंगावर येणारी. जानेवारी १९६१, उत्तर कॅरोलिना. पंखातून इंधन गळणारं बी-५२ हवेत मोडलं आणि ३.८ मेगाटनचे दोन बॉम्ब निसटले. एकेकाची ताकद हिरोशिमाच्या अडीचशे पट. एक बॉम्ब छत्रीने सावकाश उतरला आणि विमानाने मुद्दाम टाकल्यासारखा वागू लागला. एकामागून एक टप्पे पार झाले. अडला तो कमी दाबाच्या विजेच्या एका साध्या स्विचवर, जो ‘सुरक्षित’ स्थितीत राहिला होता. १९६९मध्ये एका तज्ज्ञाने लिहिलेलं हे निरीक्षण जगासमोर आलं २०१३मध्ये. दुसरा बॉम्ब चिखलात इतका खोल रुतला, की त्याचा युरेनियमचा भाग काढणं सोडून द्यावं लागलं. त्या शेतावर खोल खणायला आजही मनाई आहे.

अशा अनुभवांतून पुढच्या बॉम्बमध्ये ‘मजबूत कडी’ आणि ‘कमकुवत कडी’ आल्या. मजबूत कडी ठरावीक विद्युत संकेत मिळाल्याशिवाय वाट उघडत नाही. भटका करंट किंवा वीज पडणं तिला फसवू शकत नाही. कमकुवत कडी मुद्दाम नाजूक असते: आगीत तीच आधी मरते आणि बॉम्ब कायमचा निकामी करून जाते.

खलनायकाची आकड्यांची पेटी तेवढी उरली. १९६०च्या सुमारास युरोपात अमेरिकी बॉम्ब मित्रदेशांच्या विमानांना लटकलेले असत. पाहणीला गेलेले शास्त्रज्ञ हॅरोल्ड अ‍ॅग्न्यू यांना अशा विमानांपाशी एकच कोवळा अमेरिकी शिपाई बंदूक घेऊन उभा दिसला. ही राखण म्हणायची का? परतून त्यांनी अण्वस्त्रांवर काम करणाऱ्या सँडिया प्रयोगशाळेशी बोलणं केलं आणि जून १९६२मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी बॉम्बना सांकेतिक कुलूप लावण्याचा आदेश काढला. पुढच्या पिढ्यांची कुलपं ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर बॉम्ब बाद करतात. वैमानिकाच्या डोक्यात हा आकडा फिरत नसतो. तो वरून, आदेशाबरोबर येतो. म्हणून बंडखोर वैमानिकाच्या हाती लागला असता तो फारफार तर टनभर वजनाचा हट्टी लोखंडी ऐवज. (अमेरिकेच्या मिनटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या कुलपाचा आकडा बरीच वर्षं आठ शून्यं होता, असं तिथे काम केलेल्या ब्रूस ब्लेअर यांनी लिहिलं, हवाई दलाने ते नाकारलं.)

चोरून दडवून ठेवलेला बॉम्ब वर्षानुवर्षं ताजाही राहत नाही. अनेक बॉम्बमध्ये ट्रिटियम हा वायू असतो आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे झिजून निम्मा उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षं, त्यामुळे तो वेळोवेळी भरावा लागतो. १९९७मध्ये रशियन जनरल अलेक्सांद्र लेबेद यांनी सूटकेसएवढे बॉम्ब बेपत्ता असल्याचं सांगून खळबळ उडवली, रशियाने इन्कार केला, पुरावा काही पुढे आला नाही. तसे बॉम्ब खरोखर कुठे पडून असलेच, तरी देखभालीवाचून आज ते भरवशाचे राहिलेले नसतील.

मग चोर येणार कुठून? पडद्यावर तो नेहमी तल्लख, सिगारेट ओढणारा, इंग्रजी सुविचार फेकणारा असतो. प्रत्यक्षातली दारं फार कंटाळवाण्या कारणांनी उघडी राहिली. ऑगस्ट २००७मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या मायनॉट तळावर सहा क्षेपणास्त्रं खऱ्या अण्वस्त्रांसकट चुकून बी-५२ला जोडली गेली, विमान लुइझियानाला गेलं, आणि सुमारे ३६ तास कुणाच्या लक्षातच आलं नाही. जुलै २०१२मध्ये ८२ वर्षांची एक जोगीण दोन साथीदारांसह अमेरिकेतल्या ओक रिजच्या वाय-१२ या अण्वस्त्र केंद्राची कुंपणं कापून थेट समृद्ध, म्हणजे बॉम्बला चालणाऱ्या, युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत गेली आणि भिंतीवर शांततेच्या घोषणा रंगवून पहारेकऱ्यांची वाट पाहत थांबली.

पुरा बॉम्ब चोरीला गेल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण नाही. माल मात्र गेला आहे, आणि त्यातलं मला ठाऊक असलेलं सर्वात बोलकं प्रकरण मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कचं. १९९२मध्ये तिथल्या एका संस्थेतला रासायनिक अभियंता ९० टक्के समृद्ध युरेनियम थोडं थोडं घरी नेऊ लागला. प्रक्रियेत ३ टक्के घट कागदोपत्री मान्य होती; तो त्याहून कमी उचलत होता, त्यामुळे हिशेब जुळत राहिला. काही महिन्यांत दीड किलो जमलं. बॉम्बला याच्या अनेक पट लागतं, पण गिऱ्हाईक मिळालं तर घरात नवा फ्रिज आणि शेगडी येईल एवढीच त्याची अपेक्षा होती. युरेनियम-२३५चं अर्धायुष्य ७० कोटी वर्षं, म्हणजे त्याचा किरणोत्सर्ग अगदी मंद. बाल्कनीत बरण्या ठेवून तो आणि त्याचे शेजारी व्यवस्थित जगत होते, आणि सिनेमातल्यासारखं किरणोत्सर्ग मोजायचं मीटर फिरवत जिन्यावरून गेलेल्या कुणालाही बहुधा काही कळलं नसतं. माल विकायला मॉस्कोला निघाला असताना पोदोल्स्कच्या स्टेशनवर त्याला शेजारी भेटले. पोलीस त्या शेजाऱ्यांच्या मागावर होते, कारण त्यांनी कारखान्यातून बॅटऱ्या चोरल्या होत्या. सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या गेल्या. बॅटऱ्यांबरोबर युरेनियमही सापडलं, आणि त्याला शिक्षा झाली ती तीन वर्षांच्या देखरेखीची.