यवतेश्वरचा घाट आणि मामांचं न्यूट्रल

कासहून परतताना यवतेश्वरचा घाट लागला, की मामा गाडी न्यूट्रलला टाकतात. वर्षानुवर्षांची सवय. "उतारावर इंजिनाला कशाला पाजायचं? फुकट पळतीया की गाडी," हे त्यांचं शास्त्र. समर्थ मंदिरापाशी पोचेपर्यंत पुढच्या चाकांकडून करपल्यासारखा वास येतो, त्याचं उत्तर मात्र या शास्त्रात नाही.

आधी चढणीचा हिशेब पाहू. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर, कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास. माणसांसकट १३०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला लागणारी ऊर्जा भरते साधारण १.६ युनिट. हेच घरच्या वीजबिलातलं युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे नुसत्या चढणीला दोनशे मिलीच्या आतच पेट्रोल पुरायला हवं. लागतं त्याच्या तिप्पट-चौपट, कारण पेट्रोल इंजिन मिळालेल्या ऊर्जेतली पाव ते फार तर तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध यांचा खर्च वेगळाच.

आता उतार. मामांचं म्हणणं एके काळी खरं होतं. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या गाडीत पेट्रोल ओढलं जायचं ते इंजिनाच्या श्वासावर. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिनाला जोरात फिरवायची आणि पाय उचललेला असतानाही थोडं पेट्रोल आत जातच राहायचं. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन सावकाश फिरायचं, कमी प्यायचं.

इंजेक्शनच्या गाड्यांनी हा हिशेब उलटा केला. इथे पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय उचललेला आणि इंजिन पुरेशा वेगात, असं दिसलं की तो पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चक्क बंद करतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर, पेट्रोलचा खर्च शून्य. फेरे उतरत मिनिटाला हजार-बाराशेच्या आसपास आले, की बंद पडू नये म्हणून पुन्हा पेट्रोल सुरू. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांशी नातंच तुटलेलं, त्यामुळे इंजिन जिवंत ठेवायला तासाला अर्धा-पाऊण लिटर जाळावंच लागतं. एकदा मामांच्या शेजारी बसून मी डॅशबोर्डवरचा मायलेजचा आकडा बघत होतो. गिअरमध्ये तो ९९.९ वर जाऊन थांबला, कारण त्याच्यापुढे दाखवायला जागाच नव्हती. मामांनी न्यूट्रल केलं आणि आकडा पन्नाशीत आला. "मीटर बिघडलंय," मामा म्हणाले.

एक गोष्ट मामांच्या बाजूने. अगदी हलक्या उतारावर गिअरमधली गाडी लवकर मंदावते आणि पुन्हा पेट्रोल द्यावं लागतं. तिथे मोकळी सोडलेली गाडी लांबवर जाते. काही ऑटोमॅटिक गाड्या हे मुद्दाम करतात. पण घाटात गाडी रोखायचीच असते. ते काम इंजिन फुकटात करत असताना ब्रेक का तापवायचे? आणि कुणी इंजिनच बंद केलं, तर ब्रेक पेडलला इंजिनाकडून मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटतो.

वर चढवलेली ऊर्जा साठवून ठेवणं पेट्रोल गाडीला जमतच नाही. इलेक्ट्रिक गाडीत उतारावर मोटर जनित्र होते आणि बॅटरीत वीज भरते. सगळी परत येत नाही. टायर आणि हवा आपला वाटा आधीच घेतात, मोटर आणि बॅटरी आणखी थोडा. माझी मावसबहीण कासजवळ मुक्कामाला गेली आणि सकाळी बॅटरी काठोकाठ भरून निघाली. भरलेल्या हंड्यात पाणी कुठे ओतणार? वीज घ्यायला जागा नव्हती, म्हणून पहिल्या वळणांवर तिला साधेच ब्रेक दाबावे लागले.

तिने हे सांगितल्यावर मामा खूश झाले. "बघ, तिची पण गाडी बिघडलीय."