मोझेक राहू द्या, काळं गाडगं बघा

इंग्लंडमध्ये शरद ऋतूतली नांगरट आटोपली आणि वर एक-दोन चांगले पाऊस पडून गेले, की काही शेतांत रोमन काळातली खापरं शोधणारी माणसं मान खाली घालून सावकाश चालताना दिसतात. दहा-वीस मीटरवर आखलेल्या सरळ रेषा, हातात पिशव्या, आणि नजर ढेकळांवर. पावसाने माती धुऊन निघालेली असते, त्यामुळे फाळाने वर आणलेली खापरं चटकन नजरेत भरतात. खणायचं काही नाही. चालायचं, उचलायचं, कुठे सापडलं ते लिहायचं.

इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि साधारण ४१० पर्यंत तिथे रोमन अंमल होता. एवढ्या काळात खेड्यापाड्यांत फुटलेल्या भांड्यांची गणती नाही. त्यातलं सगळ्यांना हवंहवंसं वाटणारं खापर म्हणजे लाल, गुळगुळीत, चकाकणारं सॅमियन. हे बहुतेक गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून यायचं. दक्षिणेतल्या ला ग्रोफसांक या गावी कुंभारांनी सामाईक भट्टीचे हिशेब ताटल्यांवरच कोरून ठेवलेत. एकेका भाजणीत २५-३० हजार भांडी असायची. अनेक भांड्यांच्या तळावर कुंभाराच्या नावाचा शिक्का असतो, त्यावरून तुकड्याचा काळ दहा-वीस वर्षांच्या फरकाने सांगता येतो. शेतात सापडलेल्या एखाद्या सॅमियन तुकड्याच्या कडेला बारीक भोकं दिसतात, क्वचित त्यात शिसंही अडकलेलं असतं. वाडगा फुटला, पण टाकवला नाही; शिशाने सांधून पुन्हा वापरात आणला.

केंटच्या किनाऱ्याजवळ तर हे सॅमियन समुद्रातून निघालं. तिथे पुडिंग पॅन नावाचा उथळ खडकाळ भाग आहे. कालवं धरणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात अख्खी भांडी यायची आणि ती खुशाल घरच्या स्वयंपाकात जायची. अठराव्या शतकात अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं तेव्हा रोमन वाडगे रोजच्या वापरात होते.

पण खेड्यातल्या साध्या शेतकऱ्याची गोष्ट सॅमियनपेक्षा एक काळं, ओबडधोबड गाडगं जास्त चांगली सांगतं, असं माझं मत आहे. त्याला ब्लॅक-बर्निश्ड वेअर म्हणतात. ते बनायचं मुख्यतः डॉर्सेटमध्ये, पूल बंदराच्या खाडीकाठी, आणि तेही चाकाशिवाय, हाताने. रोमन येण्याआधीपासून तिथले लोक अशीच भांडी घडवत होते. वाळू मिसळलेली माती, बाहेरून घोटून आणलेली झिलई, उघड्या आव्यातली भाजणी. वाळूमुळे भांडं चुलीवर तापलं-निवलं तरी तडकत नसे. रोमनांनी चाक आणलं, मोठ्या भट्ट्या आणल्या, आणि तरी सैन्याने हेच हातगाडगं उचललं. दुसऱ्या शतकात ते पार उत्तरेला, रोमन सरहद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाचशे किलोमीटरवर पोचलं.

या गाडग्याच्या पोटावर तिरक्या रेघांची जाळी कोरलेली असते. सुरुवातीला रेघा एकमेकींना निमुळत्या कोनात छेदतात, पुढे काटकोनात, तिसऱ्या-चौथ्या शतकात पसरट कोनात. त्याच ओघात गाडगं सडपातळ होतं आणि त्याचा काठ बाहेर फाकत जातो. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या तुकड्यावरच्या दोन रेघांमधला कोन पाहून शतक सांगता येतं. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर सॅमियनची आवक थांबली. त्यापुढच्या काळासाठी याच देशी भांड्यांवर भिस्त असते.

खापर सापडलं म्हणजे तिथेच घर होतं असं मात्र नाही. घरचा केर उकिरड्यावर, उकिरड्याचं खत शेतात, आणि त्याबरोबर फुटकी भांडीही. अशी खापरं लहान, झिजलेली, कडा गोल झालेली आणि विरळ पसरलेली असतात. एकाच कोपऱ्यात धारदार कडांचे मोठे तुकडे दाटीने मिळाले, तर फाळ नुकताच एखाद्या जुन्या खड्ड्याला लागलाय असं समजायचं. सोबत कौलांचे आणि भिंतीतून गरम हवा खेळवणाऱ्या पोकळ विटांचे तुकडे आले, तर मालक पैसेवाला.

आपल्याकडे नेवाशाला किंवा तेरला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड लांबूनच दिसतं. इंग्लंडच्या खेड्यांत तशी टेकाडं नाहीत. घरं लाकडाची, ती कुजून गेली. उरले ते खांबांचे खड्डे आणि वाड्याभोवतीचे चर. बुजलेल्या चरात ओल टिकते, म्हणून वरचं पीक उंच आणि हिरवं राहतं; दगडी पायावरचं लवकर पिवळं पडतं. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात विमानातून अशा कितीतरी आकृत्या नव्याने दिसल्या.

नेवाशाचं नाव उगाच घेतलं नाही. १९५४-५६ मध्ये तिथे उत्खनन करणारे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी उत्खननाचे धडे गिरवले ते याच डॉर्सेटमधल्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्यावर, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली.

१९९० नंतर इंग्लंडमध्ये बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च बांधणाऱ्यावर आला आणि रस्ते, घरं, गॅसच्या वाहिन्या यांच्या निमित्ताने रोमन काळातली खेडी उकरली गेली. रेडिंग विद्यापीठ आणि कॉट्सवोल्ड आर्किऑलॉजी यांनी त्यातल्या सुमारे २,५०० स्थळांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यातून दिसलं ते असं, की मोझेकची फरशी असलेले व्हिला, म्हणजे श्रीमंतांचे शेतावरचे वाडे, थोडे, तेही बरेचसे दक्षिणेकडे. बाकी सगळी साधी शेतघरं. कितीतरी ठिकाणी माणसं आजोबांच्या वेळच्या गोल झोपडीतच राहत होती. बदललं होतं ते चुलीवरचं भांडं.

खापरांवर सगळा भरवसा टाकला की मोठी फसगत होते, तीही सांगायला हवी. पाचव्या शतकात हा कुंभारधंदा इतका झपाट्याने बसला की बऱ्याच भागांत भांडी दिसेनाशी होतात, आणि नकाशावरून गावंच्या गावं उठल्यासारखी वाटतात. वेल्स आणि उत्तरेच्या डोंगराळ भागात तर रोमन काळातही लोक मातीची भांडी फार वापरत नसत. तिथे शेतातून कितीही चाला, पिशवी रिकामीच. अशा वस्त्यांचा काळ ठरवायला जळके दाणे आणि हाडं शोधून त्यांची कार्बन चाचणी करावी लागते, आणि त्यासाठी शेवटी खणावंच लागतं.