गांजाच्या दुकानाला खातं मिळतं, अडतं ते कार्डावर

अमेरिकेत परवाना असलेल्या गांजाच्या दुकानांना बँकेत खातंच उघडता येत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चूक. खातं मिळतं, फक्त महाग पडतं.

केंद्रीय कायदा राज्यांइतका मोकळा नाही, हे खरं. पण अर्थखात्याच्या फिनसेनने (आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणारा विभाग) १४ फेब्रुवारी २०१४ रोजी बँकांना वाट आखून दिली: राज्याचा परवाना पडताळा, मालक कोण ते पाहा, उलाढालीवर नजर ठेवा. सगळं चोख असलं तरी बँकेला संशयास्पद व्यवहाराचा अहवाल भरावाच लागतो, ‘मारिवाना लिमिटेड’ (गांजा, मर्यादित अहवाल) असा शेरा मारून. गडबड दिसली तर शेरा ‘प्रायॉरिटी’, खातं बंद केलं तर ‘टर्मिनेशन’. दिवसाला १०,००० डॉलरच्या वर रोकड भरली की आणखी एक अहवाल. एवढी कारकुनी फुकट कोण करणार? ती दरमहा शुल्कातून वसूल होते.

व्हिसा, मास्टरकार्ड मात्र या विक्रीला परवानगी देत नाहीत. मग काही दुकानं पळवाट काढतात: बिल ४३ डॉलरचं, कार्डाच्या यंत्रावर ६० डॉलर ‘एटीएममधून काढले’ अशी नोंद, वरचे १७ गिऱ्हाइकाच्या हातात रोख. व्हिसाने २०२१ मध्येच यावर ताकीद दिली आहे. पकडलं गेलं की यंत्र बंद.