उशिराचा झील आणि चष्मा

पोराला तिसरीत चष्मा लागला आणि बाप चाळिशी ओलांडलेला असला, की मालवणकडची एखादी आजी निकाल देऊन मोकळी होते: "उशिराचो झील, नजर अधूच असतली." बिचाऱ्या बापाने काय बोलावं?

मायोपियात, म्हणजे लांबचं धूसर दिसतं त्या दोषात, डोळ्याचा गोल पुढून मागे गरजेपेक्षा लांब वाढतो, त्यामुळे प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. यात आईबापांचं वय मुख्य आरोपी नाही. धोका वाढवतो तो त्यांचा स्वतःचा मायनस नंबर; दोघांनाही असेल तर आणखी. फार अकाली जन्मलेल्या बाळांतही प्रमाण जास्त असतं. वय कधी आलंच, तर अकाली प्रसूतीच्या अशा आडवाटेने.

खरी मेख उजेडात आहे. चीनमधल्या ग्वांगजौत पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज 40 मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांत नवा मायोपिया 30.4 टक्क्यांना झाला, इतर शाळांत 39.5 टक्क्यांना. हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पावसाळ्यात पोरं मोबाइल घेऊन माजघरात बसतात. पण ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो. सर थांबली की खळ्यात सोडा.

आणि नंबर वाढेल या भीतीने चष्मा कपाटात ठेवू नका. कमी नंबरच्या काचा दिल्यानेही तो थांबत नाही.