पडद्यापलीकडून उत्तर यायला हवं

घरी इंग्रजीखेरीज काहीच कानावर न पडलेली नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं, आणि त्यांच्यासमोर बसून मंडारिन चिनी बोलणारी मोठी माणसं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची मांडणी एवढीच होती. ही माणसं चित्रांची पुस्तकं दाखवत, खेळणी हलवत आणि बाळांशी सतत मंडारिनमध्ये बोलत. २५ मिनिटांची एक, अशा १२ बैठका झाल्या. त्यानंतर तपासणी केली, तेव्हा मंडारिनमधले जे दोन ध्वनी इंग्रजीत वेगळे नाहीत, ते ही बाळं तैवानमधल्या, मंडारिन ऐकत वाढणाऱ्या बाळांइतक्याच सहजपणे वेगळे ओळखत होती. दुसऱ्या गटातल्या बाळांना तीच माणसं, तीच पुस्तकं आणि तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. वेळही तेवढाच दिला. ती बाळं काहीही शिकली नाहीत.

यावरून पडद्याच्या नावाने बोटं मोडायला आपण मोकळे झालो असतो. पण २०१४ साली सारा रोझबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोष्ट पुढे नेली. त्यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. एका गटाला समोरासमोर शिकवलं, दुसऱ्याला व्हिडिओ कॉलवर, आणि तिसऱ्या गटाला दाखवला आधीच चित्रित केलेला व्हिडिओ, ज्यात संशोधिका दुसऱ्याच मुलाशी बोलत होती. पहिले दोन्ही गट शब्द शिकले, तिसरा शिकला नाही. व्हिडिओ कॉलवरही मध्ये पडदा होताच. फरक एवढाच, की तिथे मूल काही बोललं की पलीकडून त्याला धरूनच उत्तर येत होतं.

इंटरनेटवर परभाषा शिकू पाहणाऱ्याला हे दोन प्रयोग बरंच काही सांगून जातात. मोठी माणसं नुसत्या ध्वनिमुद्रणातून शिकतच नाहीत असं मात्र नाही. ती वाचू शकतात, नियम समजून घेऊ शकतात, थांबवून पुन्हा ऐकू शकतात. तरीही इंटरनेटवरचं भाषेचं साहित्य वापरताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: हे साहित्य माझ्याकडून काही मागतं का, की मी फक्त बघत बसायचं? या एका प्रश्नाने निम्मं साहित्य गळून पडतं.

सुरुवात कानापासून करू. मराठी माणसाला ‘टाक’ आणि ‘ताक’ यांतला फरक ऐकू येतो की नाही, हा प्रश्नच हास्यास्पद वाटेल. इंग्रजी मातृभाषा असलेल्या बहुतेक प्रौढांना मात्र तो नीट ऐकू येत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हिंदीतल्या नेमक्या याच ट-त जोडीवर कॅनडातल्या इंग्रजीभाषक बाळांची परीक्षा घेतली. सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता जवळजवळ विरून गेली होती. मेंदू वर्षाच्या आत ठरवून टाकतो की आपल्या भाषेत कोणते फरक कामाचे आहेत, आणि उरलेल्यांकडे काणाडोळा करायला शिकतो. फ्रेंचमधले अनुनासिक स्वर किंवा चिनीमधले चार सूर आपल्याला ‘सारखेच’ वाटतात, त्याची मुळं इथे आहेत. कान धड असतात, गाळणी मेंदूत असते.

ही गाळणी मोठेपणी सैल करता येते का? येते, आणि त्याची रीत अगदी साधी आहे. जपानी लोकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ओळखणं फार जड जातं. डेव्हिड पिसोनी यांच्या इंडियाना विद्यापीठातल्या गटाने १९९०च्या दशकात त्यांना प्रशिक्षण दिलं. शब्द ऐकायचा, तो ‘र’चा की ‘ल’चा हे सांगायचं, आणि लगेच बरोबर-चूक कळायचं. कळीची गोष्ट अशी, की हे शब्द अनेक वेगवेगळ्या लोकांच्या आवाजात होते. ज्यांनी अनेक आवाज ऐकले, त्यांना पूर्वी कधीच न ऐकलेल्या माणसाचे शब्दही ओळखता येऊ लागले. ज्यांनी एकाच माणसाचा आवाज ऐकून सराव केला, त्यांचं शिकणं त्या माणसापाशीच अडलं. पुढच्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की नुसत्या ऐकण्याच्या सरावाने या लोकांचे उच्चारही सुधारले, बोलण्याचा वेगळा सराव न देता.

म्हणूनच हौशी लोकांनी भरलेले उच्चारकोश मला एखाद्या गुळगुळीत, स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या अभ्यासक्रमापेक्षा मोलाचे वाटतात. ‘फोर्व्हो’वर एकच शब्द निरनिराळ्या गावांच्या, वयांच्या माणसांनी उच्चारलेला ऐकायला मिळतो. कुणाचा माइक खरखरतो, कुणी घाईत बोलतो. तो विस्कळीतपणाच कानाला हवा असतो. ‘टाटोएबा’वर लोकांनी लिहिलेली आणि एकमेकांनी भाषांतर केलेली वाक्यं आहेत, त्यांत मराठी वाक्यंही भरपूर आहेत. ‘लिब्रिव्हॉक्स’वर २००५ पासून स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, पुस्तकाची संहिता शोधून ती डोळ्यांसमोर धरली की ऐकणं आणि वाचणं एकत्र होतं. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या लोकांचे आवाज जमवणाऱ्या प्रकल्पात तर आपला स्वतःचा आवाजही देता येतो. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. कुणाला तरी आपल्या भाषेचं कौतुक होतं म्हणून ते तिथे आहे.

आता शब्दांकडे येऊ. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. तो निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायचा आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचा. एका दिवसानंतर जवळपास दोन तृतीयांश श्रम पुन्हा करावे लागत. महिन्याभराने मात्र परिस्थिती त्याहून फार बिघडलेली नसे. म्हणजे विसरण्याचा बहुतेक कारभार पहिल्या काही तासांतच उरकतो.

त्यावरचा उपाय अंतर ठेवून उजळणी करणं, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. किती अंतर ठेवायचं याचा अंदाज मात्र सहसा चुकतो. हॅरी बाहरिक, त्यांची पत्नी आणि दोन मुली अशा चौघांनी मिळून नऊ वर्षं एक प्रयोग चालवला. प्रत्येकाने परभाषेतल्या ३०० शब्दजोड्या शिकल्या. काही शब्दांची उजळणी १४ दिवसांनी, काहींची २८, तर काहींची ५६ दिवसांनी. लांबच्या अंतराने शब्द बसायला थोडा जास्त वेळ लागला. पण उजळणी थांबवल्यानंतर वर्षानुवर्षांनी तपासलं, तेव्हा ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांनी १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांइतकंच काम केलं होतं. निम्म्या कष्टांत तेवढंच फळ. (संशोधनाचे चारही लेखक स्वतःच प्रयोगाचे विषय. अशा घरात जेवताना काय बोलत असतील, कोण जाणे.)

अंतराइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची: शब्द नुसता पुन्हा पाहायचा की आठवायचा? जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह दिले. एकदा बरोबर सांगता आलेल्या शब्दाची ज्यांनी पुढेही चाचणी देत राहणं सोडलं नाही, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी चाचणी सोडून फक्त पुन्हा वाचन चालू ठेवलं, त्यांना जेमतेम एक तृतीयांश. गंमत पुढेच आहे. किती आठवेल असा अंदाज विचारला, तेव्हा सगळ्या गटांनी ‘साधारण निम्मे’ असंच सांगितलं होतं. आपण शिकतोय की नाही, हे आपल्याला आतून कळत नाही. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजून बसतो.

‘अँकी’ हे मोफत सॉफ्टवेअर नेमक्या या दोन गोष्टींवर उभं आहे: आधी आठव, मग उत्तर बघ, आणि आठवलंस तर पुढची भेट लांबणीवर. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात कागदी कार्डं आणि कप्प्यांची पेटी वापरून हेच सुचवलं होतं. संगणकाने फक्त हिशोब ठेवण्याची कटकट काढून घेतली. इतरांनी तयार केलेले हजारो शब्दांचे संच तिथे आयते मिळतात. माझं मत विचाराल तर सुरुवातीचे हजारभर शब्द आयत्या संचातून घ्यावेत आणि त्यानंतर स्वतः वाचताना-ऐकताना अडलेल्या वाक्यांची कार्डं स्वतः बनवावीत. दुसऱ्याच्या संचातला शब्द कुठून आला हे आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे त्याला धरायला मेंदूत काही नसतं.

उत्साहाचा विषयही इथेच निघतो. मॅथियस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले आणि उत्तर येण्याची वाट पाहत असताना मध्येच अनोळखी चेहरे दाखवले. ज्या प्रश्नांचं कुतूहल जास्त होतं, त्यांची उत्तरं तर जास्त लक्षात राहिलीच, पण त्या वेळी दिसलेले, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले. कुतूहल जागं असलं की मेंदू जवळपास फिरकलेलंही उचलून ठेवतो. मग ज्या विषयाचं आधीपासून वेड आहे, तो विषय परभाषेत वाचायला-ऐकायला घेणं हा शहाणपणाचा रस्ता ठरतो. बुद्धिबळ, जुने कॅमेरे, ताऱ्यांची निरीक्षणं, काहीही चालेल.

उत्साहाची दुसरी बाजूही आहे. पेटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगांत असं दिसलं, की ‘मला अमुक व्हायचंय’ हा निश्चय दुसऱ्या कुणी दखल घेईल अशा रीतीने मांडला, की त्यासाठीची प्रत्यक्ष मेहनत कमी झाली. दाद मिळाली की मनाला वाटतं, थोडं होऊन गेलं. परभाषेच्या बाबतीत हे रोज दिसतं. दुवे साठवायचे, ॲप उतरवायची, यादी इतरांना पाठवायची, आणि त्या खटपटीतच संध्याकाळ संपते.

वयाचं काय, हा प्रश्न येतोच. इथे इंटरनेटवरच्या हौसेनेच विज्ञानाला मदत केली. जोशुआ हार्टशोर्न आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी व्याकरणाची एक गमतीची प्रश्नमंजूषा बनवली. उत्तरांवरून ती तुमची बोली आणि मातृभाषा ओळखण्याचा प्रयत्न करायची. लोकांनी ती एकमेकांना पाठवली आणि ६,६९,४९८ जणांची उत्तरं जमा झाली. २०१८ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता समजत होतो त्यापेक्षा बराच काळ, साधारण १७ वर्षांपर्यंत, टिकते आणि मग उतरू लागते. या आकड्यावर पुढे वाद झाला. तसंही हे सगळं हुबेहूब मातृभाषकासारखं होण्याबद्दल आहे. कामापुरतं, रसपूर्वक वाचण्या-बोलण्यापुरतं शिकायला वय आड येत नाही, वेळ येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना स्पॅनिशसाठी वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास आणि जपानी, चिनी, अरबीसाठी २२०० तास धरते. मराठीभाषकाचा हिशोब थोडा निराळा निघेल: जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीचं काम करणारे शब्द नामाच्या मागे लागतात, ही रचना आपल्याला परकी नाही. लिपीचा डोंगर मात्र सगळ्यांना सारखाच.

राहिलं बोलणं. कॅनडातल्या ज्या इंग्रजीभाषक मुलांना शाळेत विषय फ्रेंचमधून शिकवले जात, त्यांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली एक निरीक्षण मांडलं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांना ती उत्तम समजत होती, पण बोलताना व्याकरण ढासळत होतं. समजून घेताना आपण संदर्भावर भागवून नेतो. बोलताना लिंग, वचन, काळ सगळं स्वतःलाच ठरवावं लागतं. त्यात वेळेचा प्रश्न असतो. संभाषणात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी असते, हे २००९ साली दहा भाषांच्या तुलनेतून दिसलं. एक शब्द मनात जुळवून उच्चारायलाच त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं वाक्य तयार करायचं असतं. शब्द येत असूनही परभाषेत बोलताना तोंड उघडत नाही, त्यात या हिशोबाचा मोठा वाटा आहे.

त्यामुळे ज्याला आपली भाषा शिकायची आहे आणि ज्याची भाषा आपल्याला हवी आहे, असा जोडीदार इंटरनेटवर शोधला, तर पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉल लावू नये. आधी लेखी गप्पा, तिथे विचार करायला हवा तेवढा वेळ असतो. मग ध्वनिसंदेश, ते पुसून पुन्हा बोलता येतात. थेट बोलणं त्यानंतर. संभाषण करणारे संगणकीय कार्यक्रमही या आधीच्या टप्प्यांवर उपयोगी पडतात. त्यांची अडचण एवढीच, की आपलं मोडकंतोडकं वाक्यही ते बिनतक्रार समजून घेतात. माणूस गोंधळतो, ‘म्हणजे काय?’ असं विचारतो, आणि तेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेने जुळवण्याची वेळ आपल्यावर येते. जोडीदाराशी आधी दोनच गोष्टी ठरवून घ्याव्यात: अर्धा वेळ एका भाषेला, अर्धा दुसरीला, घड्याळ लावून, आणि चुका सांगायच्या त्या मध्येच न तोडता, वेळ संपल्यावर, एका खेपेला तीनपेक्षा जास्त नाहीत.